गरम पाण्यातली थंडी

समुद्रात खोल उतरणाऱ्या माणसाने अंगात काय घालावे, हा विषय आरोग्याच्या सदरात कसा आला, असे काही वाचकांना वाटेल. या सदराने मधुमेह, रक्तदाब, मूळव्याध आणि पावसाळ्यातील चिखल्या एवढ्यातच राहावे, अशी पत्रे अधूनमधून येतात. पण आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवा धंदा उभा राहिला आहे. रापणीला आणि ट्रॉलरवर जाणाऱ्या घरांतली मुले आज पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवतात. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबाचे शिक्षण देणारी संस्था आहे. नौदलाने जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त केलेली ‘गुलदार’ ही नौका २०२५ मध्ये महामंडळाकडे आली, तीही निवतीच्या समुद्रात तळाला बसवून पाणबुड्यांना दाखवण्यासाठीच. म्हणजे बुडालेले जहाज बघायला पाण्याखाली जाणे हा आता फक्त सिनेमात बघायचा प्रकार राहिलेला नाही. आणि जिथे धंदा आला, तिथे धंद्याची दुखणीही आलीच. ती माझ्या दवाखान्यात येतात, म्हणून हा लेख.

दुसरे कारण एका वाचकाचे पत्र. त्यांचा मुलगा मालवणला पर्यटकांना डायव्हिंग करवतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे काम बंद असते. त्या महिन्यांत श्रीलंकेचा पूर्व किनारा मात्र शांत असतो. म्हणून तो तिकडे बट्टिकलोआला खोल पाण्यातले पुढचे शिक्षण घेऊन ‘हर्मिस’ नावाच्या जहाजावर उतरणार आहे. त्याने हजारो रुपयांच्या सुटाची मागणी केली आहे आणि वडिलांचे म्हणणे असे की, तिथले पाणी आपल्यापेक्षाही उबदार, मग रबराच्या कपड्यांवर पैसे कशाला घालवायचे? पत्राच्या शेवटी त्यांनी मालवणीत एक वाक्य लिहिले आहे, “डाक्टरानू, पाण्यात भिजाक जातलो तेका कपडे कित्याक व्हये?” वाक्य वाचून मला हसू आले, पण प्रश्न बिनतोड आहे आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे.

आधी त्या जहाजाविषयी. ‘हर्मिस’ हे ब्रिटिश नौदलाचे विमानवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ते बट्टिकलोआजवळ बुडवले आणि त्यात तीनशेच्या वर खलाशी गेले. आज ते सुमारे ५३ मीटर खोलीवर पडून आहे. हौशी पाणबुड्यांची जी मर्यादा जगभर मानली जाते ती ४० मीटरची, म्हणजे हे जहाज त्या मर्यादेच्या पलीकडे आहे. तिथे जायला वेगळे शिक्षण लागते, जास्तीच्या टाक्या लागतात आणि बहुतेक जण साध्या हवेऐवजी हेलियम मिसळलेला वायू वापरतात. कारण तीस मीटरच्या खाली साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा डोक्यात चढू लागतो. तळाशी राहायचे वीस-पंचवीस मिनिटे आणि वर यायचे ते टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत. या थांब्यांतच तळावरच्या वेळेच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ जातो. जिन्यावरून धावत उतरावे तसे धावत वर येता येत नाही. अंगात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडू दिला नाही, तर सोड्याची बाटली भसकन उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. यालाच ‘बेंड्स’ म्हणतात. हा सगळा तपशील मी देतो आहे, कारण सुटाचा प्रश्न या थांब्यांपाशी येऊन अडकतो.

आता पाण्याची ऊब. बट्टिकलोआचे पाणी २७ ते २९ अंशांचे, आपलेही साधारण तेवढेच. घरात २८ अंश तापमान असले तर आपण पंखा लावतो. त्यामुळे तेवढ्या तापमानाच्या पाण्यात थंडी वाजेल, हे कुणाला पटत नाही. पण हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे आणि पाणी चांगले. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा असे वाटायला पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. म्हणजे २८ अंशांचे पाणी आपल्या शरीराच्या हिशेबाने थंडच. विहिरीत पोहणाऱ्या पोरांचे ओठ भर वैशाखात निळे पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. आई काठावरून ओरडते ती उगाच नव्हे.

पोहणारा निदान हातपाय मारतो. खोलवरचा पाणबुड्या थांब्यावर दोरीला धरून जवळजवळ निश्चल लोंबकळत असतो, तोही तास-तास. शिवाय टाकीतला वायू कोरडा आणि गार असतो. तो छातीत ओलसर आणि गरम करण्यातही शरीराची ऊब खर्च होते. आणि हे एका दिवसाचे नाही. रोज दोन बुड्या, असे पाच-सहा दिवस. रात्री जेवून-झोपून मागची तूट पूर्ण भरून निघत नाही, मग पाचव्या दिवशी तोच माणूस तेवढ्याच पाण्यात लवकर गारठतो.

यातली वाईट गोष्ट अशी की ही थंडी सांगून येत नाही. बर्फाच्या पाण्यात पडलेला माणूस लगेच कुडकुडतो, ओरडतो, बाहेर पडतो. कोमट वाटणाऱ्या पाण्यात शरीर हळूहळू निवत जाते आणि काहींना कुडकुडी भरतच नाही. आधी बोटे जड होतात, बकल लागत नाही, घड्याळातला आकडा दोनदा वाचावा लागतो, मग ‘राहू दे, चालेल’ अशी वृत्ती येते. घरी बसलेल्या माणसाला ही वृत्ती आली तर फार तर पंख्याची धूळ पुसायची राहील. पन्नास मीटरवर, गंजलेल्या जहाजाच्या आतल्या खोलीत, वायू मोजून वापरायचा असताना ती आली तर माणूस परत येत नाही. आणि कुडकुडी भरलीच, तर श्वास वाढतो आणि टाकी लवकर रिकामी होते. म्हणजे दोन्हीकडून मरण.

वडिलांच्या शंकेला मी इथवर उत्तर दिले, ते कोणीही डॉक्टर देईल. पण माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे आणि ती डायव्हिंगच्या दुकानात सूट विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. अमेरिकेच्या नौदलाने २००७ मध्ये काही प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. पाण्याने भरलेल्या बंदिस्त दाबकक्षात पाणबुड्यांना १२० फुटांइतक्या दाबाला नेले. काहींना तळाशी असताना गरम पाणी आणि वर येताना गार पाणी, काहींना त्याच्या उलट. गरम म्हणजे सुमारे ३६ अंश आणि गार म्हणजे सुमारे २७ अंश. लक्षात घ्या, त्यांचे ‘गार’ पाणी म्हणजे आपल्या मालवणचे पाणी! निष्कर्ष असा निघाला की, तळाशी गरम आणि वर येताना गार ठेवलेल्यांना बेंड्स फार जास्त झाले. तळाशी थोडे गार आणि वर येताना उबदार असलेल्यांना ते सर्वांत कमी झाले, तेही तळाशी जास्त वेळ राहून.

कारण समजायला अवघड नाही. अंग गरम असते तेव्हा कातडीकडे आणि स्नायूंकडे रक्त भरपूर वाहते आणि त्या रक्ताबरोबर वायूही तिथे जाऊन मुरतो. अंग गार पडले की शरीर पोटातली, छातीतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडून घेते. मग मुरलेला वायू बाहेर येणार कसा? घरात पाहुणे शिरताना दार सताड उघडे आणि जाताना अर्धे बंद, अशी गत होते. पाणबुड्याच्या हातातले संगणकी घड्याळ थांब्यांचा हिशेब करते, पण ते गारठलेले हातपाय जमेस धरत नाही. काही घड्याळे पाण्याचे तापमान बघतात, कातडीखाली रक्त किती वाहते हे त्यांनाही दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो की, सूट हा सुखसोयीचा विषय नाही. तो औषधाच्या मात्रेसारखा विषय आहे. आणि त्याची निवड तळावरच्या वीस मिनिटांसाठी करायची नसून थांब्यांवरच्या तासासाठी करायची असते.

आता सूट कोणता? सर्वांत पातळ म्हणजे लायक्राचा अंगाबरोबर बसणारा पोशाख. ऊन, झार आणि खरचटणे यांपासून तो वाचवतो, ऊब मात्र जवळजवळ देत नाही. आमच्या मुलांच्या अंगातला सुती टी-शर्ट तर यातले काहीच नीट करत नाही. त्यानंतर येतो वेटसूट. हा निओप्रीन नावाच्या रबराचा, आणि त्या रबरात लाखो बारीक बुडबुडे अडकवलेले असतात. ऊब देतात ते हे बुडबुडे. आत थोडे पाणी शिरते, ते अंगाच्या उष्णतेने तापते आणि तिथेच राहते. ते तिथे राहावे एवढ्यासाठी सूट अंगाला बिलगलेला हवा. सैल सुटातून दर हालचालीला नवे गार पाणी आत येते आणि तापलेले बाहेर जाते. असा सूट घालणे म्हणजे फाटकी छत्री घेऊन आंबोलीला जाण्यासारखे आहे.

पण या बुडबुड्यांची एक अडचण आहे. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. पन्नास मीटरवर सहा वातावरणांचा दाब असतो. तिथे बुडबुडे चेपून सहाव्या हिश्शावर येतात. रबर स्वतः तेवढे चेपत नाही, त्यामुळे सूट कागदासारखा होत नाही, पण दुकानात हाताला लागणारी पाच मिलिमीटरची जाडी तिथे निम्मीही उरत नाही. वर सहा मीटरच्या थांब्यावर आल्यावर ती बरीचशी परत येते. म्हणजे वेटसूट आपोआपच तळाशी कमी उबदार आणि थांब्यावर जास्त उबदार असतो, जे आपल्याला वर सांगितलेल्या हिशेबाने हवेच आहे. मात्र सुटातले बुडबुडे वर आल्यावर फुगतात, अंगातून गेलेली ऊब काही परत येत नाही. शिवाय जुन्या सुटातले बुडबुडे कायमचे फुटलेले असतात. शेकडो बुड्या झालेला पाच मिलिमीटरचा सूट दोन मिलिमीटरचेही काम करीलच असे नाही. सेकंड हँड स्कूटर घेताना आपण इंजिन बघतो, सूट घेताना अंगठा आणि बोट यांत दाबून रबर परत वर येते का ते बघावे.

वडील मंडळींनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. बुडबुडे चेपले की सुटाचे तरंगणेही जाते. पाठीवर लोखंडी टाक्यांची जोडी, सूट चेपलेला आणि हवेचे जॅकेट जर फाटले, तर तगडा माणूसही पाय मारून पन्नास मीटरवरून वर येऊ शकत नाही. म्हणून जाड वेटसुटात खोल जाणाऱ्याकडे तरंगण्याचे दुसरे काही साधन हवेच, जसे दोन पिशव्यांचे जॅकेट. शिक्षक याविषयी बोलत नसेल तर शिक्षक बदलावा.

तिसरा प्रकार ड्रायसूट. यात पाणी आत येत नाही. आत सुका पोशाख घालायचा, मानेला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्ट्या, आणि चेपू नये म्हणून आत वायू सोडायची झडप. खोलवर त्याची ऊब टिकते आणि जॅकेट निकामी झाले तर तोच तरंगवतो. हे वाचून सर्वांनी ड्रायसूटच घ्यावा असे वाटेल. मी तसे म्हणणार नाही. एक तर तो फार महाग. दुसरे, तो वापरायला वेगळे शिकावे लागते. आतला वायू पायांकडे गेला तर माणूस उलटा होऊन बाटलीच्या बुचासारखा वर उसळतो, आणि अशा वर येण्यानेच बेंड्स होतात. तिसरे, जहाजाच्या गंजलेल्या पत्र्याला तो फाटला की आत पाणी भरते. चौथे, या सुटात हेलियमचे मिश्रण सोडून चालत नाही. हेलियम हवेच्या सहापट वेगाने उष्णता नेतो, म्हणून सुटासाठी वेगळी छोटी टाकी लागते. आणि पाचवे, उघड्या होडीवर भर दुपारी तो चढवून अर्धा तास बसलेला माणूस घामाने निथळून पाण्यात शिरण्याआधीच अर्धमेला होतो.

हे घामाचे मी विशेष सांगतो. अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाला बेंड्सचा धोका वाढत असावा असे मानतात. शिवाय पाण्यात शिरताच रक्त छातीकडे सरकते आणि मूत्रपिंडे लघवी वाढवतात. त्यामुळे सुटात लघवी नको म्हणून पुष्कळ जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हा अगदी चुकीचा उपाय आहे. वेटसुटात लघवी झाली तर झाली, सूट धुता येतो. ड्रायसुटाला त्यासाठी नळी आणि झडप बसवून मिळते, किंवा प्रौढांचे डायपर असतात. लाजण्यासारखे यात काहीही नाही. आदल्या रात्रीपासून नेहमीसारखे पाणी पीत राहावे आणि सूट अगदी शेवटी, उतरण्याच्या दहा मिनिटे आधी, सावलीत चढवावा. मात्र एकदम तांब्यावर तांब्या पाणी ढोसणेही बरे नाही, त्याचे कारण पुढे येईल.

तर माझे मत असे. ‘हर्मिस’सारख्या जहाजावर, २७ ते २९ अंशांच्या पाण्यात, दिवसाला एक-दोन बुड्या आणि प्रत्येक बुडी सव्वा-दीड तासाची असेल, तर पूर्ण बाह्यांचा, पायघोळ, नव्यासारखा आणि मापाचा पाच मिलिमीटरचा वेटसूट, वर टोपी किंवा टोपी जोडलेला बिनबाह्यांचा आतला सदरा, एवढे पुरेसे व्हावे. डोक्यातून निम्मी उष्णता जाते असे जे सांगतात ते खरे नाही. पण बाकीचे अंग झाकले की उघडे राहते ते डोके, आणि मग तिथून जाणारी ऊब मोजावी लागते. बुडीचा वेळ दोन तासांवर जाणार असेल, किंवा माणूस अंगाने फारच काटकुळा असेल, तर सुकी बाजू बघावी, पण आधी उथळ पाण्यात तो सूट वापरण्याचा सराव झाल्यावरच. आमची कोळी-गाबित पोरे बहुधा काटक आणि चरबी कमी असलेली. फिरंगी माणूस तीन मिलिमीटरमध्ये आरामात राहतो हे पाहून आपणही राहू असे त्यांनी समजू नये. त्याच्या कातडीखाली निसर्गाने दिलेला सूट आहे.

हल्ली बॅटरीवर तापणारी बंडी मिळते. ती वापरायची तर थांब्यांवर सुरू करावी. तळाशी सुरू करून अंग शेकत राहायचे आणि वर येताना बॅटरी संपायची, हा वर सांगितलेल्या प्रयोगातला सर्वांत वाईट प्रकार झाला. त्याचप्रमाणे खोल बुडीनंतर होडीवर येताच कडक गरम पाण्याने आंघोळ करू नये. गरम कातडीत वायू विरघळून राहत नाही, तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. अंग पुसून कोरडे कपडे, वाऱ्यापासून आडोसा, कोमट चहा, बस्स.

आता थोडे माझ्या दवाखान्याचे. सुटाचा गळा फार घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब येऊन नाडी मंदावते, चक्कर येते. दोन वर्षांपूर्वी एक धडधाकट गाईड ‘पाण्यात गेले की डोळ्यांपुढे अंधारी येते’ म्हणून आला होता. कार्डिओग्राम ठीक, रक्त ठीक. मी त्याला त्याचा सूट घेऊन यायला सांगितले. धाकट्या भावाच्या मापाचा सूट होता तो! गळ्यात आपले एक बोट सहज जात नसेल तर तो सूट आपला नव्हे.

रक्तदाब असलेल्यांनी हा मुद्दा नीट वाचावा. पाण्यात उतरल्यावर रक्त छातीकडे येते हे वर सांगितले. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आखडल्या, सूट छातीला करकचून बसला, वर नुकतेच दोन लिटर पाणी प्यालेले, तर काहींच्या फुप्फुसांत पाणी साठते. पाण्यातच दम लागतो, खोकला येतो, गुलाबी फेसाळ थुंकी पडते. लोकांना वाटते पाणी नाकातोंडात गेले. चाळिशीनंतरच्या आणि रक्तदाब असलेल्या माणसांत हे जास्त दिसते. अशाने ताबडतोब पाण्याबाहेर यावे, ऑक्सिजन घ्यावा आणि तपासणी होईपर्यंत परत पाण्यात जाऊ नये. गार पाण्याने ज्यांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात त्यांनी तर डायव्हिंगचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. साऱ्या अंगाला एकदम थंडी लागली की अशा माणसाचा रक्तदाब कोसळू शकतो.

पुरळाचीही गंमत आहे. निओप्रीनमधल्या रसायनांची काहींना ॲलर्जी असते. ती सूट जिथे घासतो तिथे उठते, खाजते आणि बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसते. पण खोल बुडीनंतर तासाभरात पोटावर, छातीवर, खांद्यांवर किंवा कुल्ल्यांवर संगमरवरासारखी निळसर-तांबडी नक्षी उमटली, तर ती सुटाची ॲलर्जी समजून सेट्रिझिनची गोळी घेऊन झोपू नये. तो बेंड्सचा प्रकार असू शकतो. ऑक्सिजन लावावा आणि दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे. आणि खोल बुडी मारून त्याच दिवशी आंबोली घाट चढून बेळगाव-कोल्हापूरला निघू नये. सातशे मीटर उंचीला हवेचा दाब कमी होतो तेवढाही पुरतो. विमानाला तर चोवीस तास थांबावे.

ऊब सोडूनही सुटाचे काम असते. जुने जहाज म्हणजे गंजके पत्रे, तुटक्या तारा, कालवांच्या धारदार कडा आणि वर अडकलेली मासेमारीची जाळी. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि जाळे कापायची छोटी कात्री हवीच. (प्रवाळावर मात्र हातमोजे नसलेले बरे. मोजे असले की माणूस जे दिसेल ते धरतो.) गंजाने कापले तर जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने खळखळून धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन दर दहा वर्षांनी घेतलेले असावे. खारट पाण्यातली जखम मधुमेह्याला किंवा लिव्हरचा आजार असलेल्याला झपाट्याने चिघळते, त्याने दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. पाकटाचा किंवा काटेरी माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात किंवा पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, वेदना चटकन उतरते. झार लागला तर वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढावेत.

श्रीलंकेला जाणारा मुलगा शिकलेला आहे, तो विचारून तरी घेतो. मला जास्त काळजी वाटते ती आमच्या रोजच्या मुलांची. हंगामात दिवसाला आठ-आठ, दहा-दहा फेऱ्या, पाच-सात मीटरवर, अंगात टी-शर्ट आणि अर्धी चड्डी. खोली कमी म्हणून बेंड्सची भीती कमी, पण पाण्यातला एकूण वेळ मोजला तर तो ‘हर्मिस’वाल्यापेक्षा जास्त भरतो. जानेवारीत हीच मुले संध्याकाळी दवाखान्यात येतात. सर्दी हटत नाही, कान दुखतो, अंग मोडून येते, भूक नाही. टॉनिक मागतात. मी टॉनिक देत नाही, तीन मिलिमीटरचा पूर्ण सूट घे म्हणून चिठ्ठीवर लिहून देतो. त्यावर एकाने सांगितले, “डॉक्टरकाका, मालक म्हणतो सूट पर्यटकांसाठी आहेत.” पाच मिनिटे पाण्यात राहणाऱ्या पर्यटकाला सूट आणि दिवसभर राहणाऱ्या पोराला बनियन, हा कुठला न्याय? गवंड्याला हेल्मेट ठेकेदाराने द्यायचे असते, तसा गाईडला सूट होडीच्या मालकाने द्यायला हवा, दर दोन-तीन हंगामांनी नवा. परवाने देणाऱ्या खात्याने लाइफ जॅकेटे मोजताना हेही मोजावे. मालक मंडळी माझ्यावर रागावतील, रागावोत. त्यांची मुलेही माझ्याकडेच येतात.

आणि भाड्याच्या सुटाविषयी. दिवसभरात दहा जणांच्या अंगावरून उतरलेला, घामाने आणि आणखी कशाने भिजलेला सूट ओलाच गुंडाळून ठेवला की त्यात जंतू वाढतात आणि तो घालणाऱ्याच्या पाठीवर, मांड्यांवर पुवाळलेल्या पुटकुळ्या उठतात. रोज संध्याकाळी सूट गोड्या पाण्यात बुडवून, आतून बाहेरून धुऊन, उलटा करून सावलीत रुंद खांद्याच्या हँगरवर वाळवावा. उन्हात घातला तर रबर लवकर जाते. आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूच्या पाण्याने धुवावा. सूट उतरवल्यावर स्वतःही गोड्या पाण्याने अंग धुवावे आणि कान कोरडे करावेत, काडी न घालता.

पुढील आठवड्यात : पाणबुड्यांचे कान आणि काडेपेटीची काडी.